चौदा वेळा पडलेला सर्व्हर

“चौदा वेळा पडला म्हणतोस. पण कुठं पडला?”

दस्तगीर मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढं पाटावर एक मिक्सर उघडून ठेवलेला होता आणि त्याच्या मोटरमधला झिजलेला कार्बन ते चिमट्यानं हलकेच ओढत होते.

चिदानंदला प्रश्न समजला नाही.

“कुठं म्हणजे? शाळेत. ग्रंथालयाच्या खोलीत.”

मास्तर हसले नाहीत.

“चौदाही वेळा एकाच ठिकाणी अडकला, की दर खेपेला वेगळ्या?”

चिदानंद बोटांवर मोजायला लागला.

“पाहिलं नाहीस?”

“पाहिलं ना मास्तर. एकदा निळा पडदा आला. एकदा नुसताच काळा. दोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. बाकीच्या वेळी…”

“बाकीच्या वेळी?”

चिदानंदनं बोटं मिटली.

बाकीच्या वेळी तो चिडलेला होता. एवढंच त्याला आठवत होतं.

चिदानंद कलशेट्टी म्हणजे सोलापुरात सर्व्हरचा माणूस. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून तो गावी परतला होता. दवाखान्यातलं मशीन बंद पडलं, यंत्रमागाच्या कारखान्यातलं नेटवर्क कोलमडलं, की लोक आधी त्यालाच फोन लावायचे. तो यायचा, उभ्या उभ्या दोन-चार कळा दाबायचा, आणि चहा येईपर्यंत काम झालेलं असायचं. लोक त्याचं कौतुक करायचे ते त्याला आवडायचं, आणि आवडतं हे तो लपवायचाही नाही.

आयटीआयमध्ये दस्तगीर मास्तर त्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. त्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत तो मास्तरांच्या घरी दोनदा आला होता. दोन्ही वेळा पेढे घेऊन.

आज त्याचे हात रिकामे होते.

“मशीन कसलं आहे ते नीट सांग,” मास्तर म्हणाले. “मी म्हातारा माणूस. मला समजेल असं सांग.”

चिदानंदनं सांगितलं. गावाबाहेर अंध मुलींची शाळा आहे. तिथं आवाजाचं ग्रंथालय आहे. एकोणीस वर्षांत गावातल्या कितीतरी लोकांनी, निवृत्त शिक्षिकांनी, बँकेतल्या बायकांनी, एका पोस्टमननंसुद्धा पुस्तकं मोठ्यानं वाचून तिथं रेकॉर्ड करून ठेवली आहेत. अकराशे पुस्तकं. मुली ती ऐकून अभ्यास करतात. हे सगळं एका सर्व्हरवर आहे. एका कारखान्यानं वापरून झाल्यावर शाळेला भेट दिलेला सर्व्हर.

“आत दोन प्रोसेसर आहेत. दोन मेंदू म्हणा. आणि चार डिस्क, रेडमध्ये बांधलेल्या. म्हणजे सगळा मजकूर चौघींवर वाटलेला असतो. एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं भरून काढतात. काही जात नाही.”

“हं. मग?”

“गेल्या पंधरवड्यात मशीन मधूनमधून अडकायला लागलं. आणि मागच्या सोमवारी चालूच होईना. ऑपरेटिंग सिस्टीम बिघडली असेल म्हणून नव्यानं घालायला घेतली. तर घालता घालताच मशीन पडतं. तीन दिवस झाले मास्तर. सीडी बदलली, पेनड्राइव्ह बदलला, जुनी आवृत्ती घालून पाहिली, नवी घालून पाहिली, सेटिंग बदलली…”

“एका वेळी एक बदललंस?”

“वेळ कुठं होता!”

मास्तरांनी कार्बन काढला, उजेडात धरून पाहिला, आणि बाजूला ठेवला.

“आता काय करणार आहेस?”

“रेडचं कार्ड, म्हणजे या चौघींना सांभाळणारं कार्ड, खराब आहे. माझी खात्री आहे. नवीन मागवलंय, उद्या पोचेल. ते घालतो, चारही डिस्क नव्यानं बांधतो, म्हणजे मग…”

“नव्यानं बांधल्यावर त्यांच्यावर आहे ते राहतं?”

“…बहुतेक राहतं.”

“बहुतेक.”

“तसं पाहिलं तर…”

“दुसरी प्रत कुठं आहे पुस्तकांची?”

चिदानंदनं खाली पाहिलं. तीन वर्षांपूर्वी ग्रंथपालबाईंनी त्याला हेच विचारलं होतं. सर, याची अजून एक प्रत कुठंतरी ठेवायची का? आणि तो म्हणाला होता, कशाला ताई? चार डिस्क आहेत ना. त्या चारच तुमच्या प्रती.

“नाही,” तो म्हणाला.

मास्तरांनी चिमटा खाली ठेवला.

“मग माझ्याकडं कशाला आलास? तुझं तर सगळं ठरलंय.”

“तुम्ही एकदा हो म्हणालात तर…”

मास्तर उठले. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी एक भिंग, एक वही आणि पेन्सिल घेतली. चपला पायात सरकवल्या.

“चल.”

“म्हणजे हो ना?”

मास्तर जिना उतरायला लागले होते.

*

शाळेच्या ग्रंथालयात प्रभावतीताई बिराजदार खुर्चीत ताठ बसल्या होत्या. या ग्रंथालयाच्या त्या ग्रंथपाल. त्या याच शाळेत शिकल्या, आणि मग इथंच राहिल्या. जन्मापासून त्यांना दिसत नाही. अकराशेतलं कुठलंही पुस्तक कुणी वाचलं, कोणत्या वर्षी वाचलं, वाचताना कोण कुठं खोकलं, ते त्या न अडखळता सांगायच्या.

“सर, बारावीच्या मुली रोज विचारतात,” त्या म्हणाल्या. “बारा दिवसांवर परीक्षा आली. त्यांना काय सांगू?”

“ताई, हे माझे मास्तर,” चिदानंद म्हणाला. “आज होईल.”

“आज होईल असं सांगू नका,” मास्तर प्रभावतीताईंना म्हणाले. “आज सुरू होईल, असं सांगा.”

चिदानंदला ते लागलं.

सर्व्हर टेबलावर उघडा होता. तीन दिवसांच्या मारामारीनं वायरी इकडंतिकडं लोंबत होत्या. मास्तरांनी आत पाहिलं. बराच वेळ. हात लावला नाही.

मग म्हणाले, “चारही डिस्क बाहेर काढ.”

“बाहेर? पण मास्तर, डिस्क काढल्यावर सिस्टीम घालायची कशावर?”

“काढ.”

चिदानंदनं एकेक डिस्क काढली.

“यांचा क्रम चुकला तर?” मास्तरांनी विचारलं.

“तर कार्डाला जुळणी ओळखता येईलच असं नाही.”

“मग नुसता आठवणीत ठेवू नकोस.”

प्रभावतीताईंनी हे ऐकलं. त्यांनी टेबलाच्या खणातून ब्रेलची पाटी आणि टोच्या काढला, जाड कागदावर टकटक करत चार चिठ्ठ्या टोचल्या, आणि चिदानंदनं दिलेल्या क्रमानं एकेका डिस्कवर चिकटवल्या. चिकटवून झाल्यावर चारहींवरून पुन्हा बोट फिरवलं.

“एक, दोन, तीन, चार. कपाटात ठेवते. किल्ली माझ्याकडं.”

“उत्तम,” मास्तर म्हणाले. “आता आपल्याला चुका करायला मोकळीक आहे.”

मग त्यांनी चिदानंदला सांगितलं, “अजून काढ.”

“अजून काय?”

“रेडचं कार्ड. रॅमच्या पट्ट्या, एक सोडून सगळ्या. आणि दुसरा प्रोसेसर.”

“मास्तर!” चिदानंदचा आवाज चढला. “हे दोन प्रोसेसरचं मशीन आहे. अर्धं मशीन बाहेर काढून काय तपासणार आपण?”

“दोघं एकाच वेळी बोलतायत. खोटं कोण बोलतंय ते तुला ऐकू येतं? मला तर येत नाही. काढ.”

त्यानं काढलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेक भाग मांडत गेला. मशीनच्या पोटात आता एक प्रोसेसर, एक रॅमची पट्टी आणि चिदानंदच्या पिशवीतली एक जुनी रिकामी डिस्क, एवढंच उरलं. एवढ्या मोठ्या पेटीत ते अगदी केविलवाणं दिसत होतं.

मास्तरांनी वही उघडली. मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडं लिहिलं, काय बदललं. उजवीकडं लिहिलं, काय झालं.

“घाल सिस्टीम.”

चिदानंदनं कळ दाबली.

पडद्यावर टक्के सरकायला लागले. दहा. अठरा. एकतीसला तो पुढं झुकला, कारण एकतीसच्या आसपास मशीन पडलेलं त्याला आठवत होतं. निदान दोनदा तरी.

बत्तीस झाले. चाळीस. सत्तर.

अडतीस मिनिटांनी सिस्टीम पूर्ण बसली.

चार दिवसांत पहिल्यांदा! चिदानंद खुर्चीतून उठलाच.

“झालं मास्तर! मी म्हटलं होतं ना, कार्डच!”

मास्तरांनी वहीत लिहिलं, एक प्रोसेसर, एक पट्टी, कार्ड नाही. आणि त्यासमोर, चाललं.

“आता एक पट्टी घाल. पुन्हा पहिल्यापासून.”

“पुन्हा? अडतीस मिनिटं?”

“अडतीस मिनिटं.”

दुसऱ्या पट्टीवर मशीन चाललं. तोवर दुपारचे दोन वाजून गेले होते. मास्तर म्हणाले, “मी नमाज पढून, दोन घास खाऊन येतो. तू पण खाऊन घे. येईपर्यंत काही घालू नकोस.”

चिदानंदनं डबा उघडला. दोन घास खाल्ले. वर्तमानपत्रावर मांडलेल्या भागांकडं त्याची नजर जात राहिली. पट्ट्या अजून उरल्या होत्या, कार्ड होतं, प्रोसेसर होता. प्रत्येकाला अडतीस मिनिटं, म्हणजे आजचा दिवस गेला. उद्याचाही जाईल. आणि कशासाठी? कार्ड खराब आहे हे तर उघडच आहे.

त्यानं डबा झाकला. कार्ड घातलं. दुसरा प्रोसेसर घातला, त्याच्या पट्ट्या घातल्या. एकदमच दाखवून टाकू मास्तरांना.

कळ दाबली.

तेवीस टक्क्यांवर पडदा गोठला.

मास्तर परत आले तेव्हा तो हात बांधून उभा होता. ओठांवर हसू होतं.

“बघा मास्तर. कार्ड घातलं की पडलं.”

“नुसतं कार्ड घातलंस?”

“कार्ड… आणि प्रोसेसर.”

“आणि?”

“त्याच्या पट्ट्या.”

मास्तरांनी वही घेतली. डावीकडं तिन्ही गोष्टी लिहिल्या. उजवीकडं लिहिलं, पडलं. मग पेन्सिलीनं त्या संपूर्ण ओळीवर एक आडवी रेघ मारली.

“खोडलंत का? झालं ते खरंच आहे.”

“खरं आहे. पण त्यातून काय कळतं ते सांग.”

चिदानंदनं खोडलेली ओळ पुन्हा वाचली.

काहीच कळत नव्हतं. पडण्याचं कारण तिघांपैकी कुणीही असू शकत होतं. सकाळी मास्तरांच्या घरी बसून जेवढं त्याला माहीत होतं, तेवढंच आताही माहीत होतं.

“काढ सगळं,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “पहिल्यापासून.”

चिदानंदच्या कानशिलात गरम झालं. मास्तरांनी ओरडायला हवं होतं, असं त्याला वाटून गेलं. आयटीआयमध्ये ते ओरडायचे. सोल्डर सांडलं की हातावर पट्टी मारायचे. आता ते नुसते बसले होते, खिडकीबाहेर शाळेच्या अंगणात दोरी धरून धावणाऱ्या मुलींकडं बघत.

त्यानं सगळं काढलं. पहिली, साधी जुळणी पुन्हा चालते का, ते पाहिलं. चालली. संध्याकाळपर्यंत त्यानं पहिल्या प्रोसेसरच्या उरलेल्या पट्ट्या एकेक करून घातल्या. दर पट्टीला नव्यानं सुरुवात, आणि दर पट्टीनंतर वहीत एक ओळ. या खेपेला ओळी तोच लिहीत होता.

चाललं. चाललं.

सहा वाजता शाळा बंद व्हायची. मास्तर उठले.

“मी थांबतो मास्तर,” चिदानंद म्हणाला. “ताईंना विचारून रात्रभर बसतो.”

“दमलेला माणूस दोन गोष्टी एकदम घालतो. घरी जा. झोप.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले तेव्हा चिदानंद आधीच येऊन बसला होता. मशीनला त्यानं हात लावलेला नव्हता. वही उघडून तो कालच्या ओळी वाचत होता.

“आज काय?” मास्तरांनी विचारलं.

“कार्ड. नुसतं कार्ड. त्याला माझ्याकडच्या दोन रिकाम्या डिस्क लावून.”

“का?”

“मला त्याच्यावर संशय आहे म्हणून.”

“म्हणून?”

चिदानंदनं विचार केला.

“म्हणून ते एकट्यानं घालायचं. नाहीतर माझा संशय माझ्या मनासारखंच दाखवील.”

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि बसले.

टक्के सरकत गेले. तेवीस. एकतीस. साठ. चिदानंद पडद्याकडं बघत होता. मशीन पडावं, असं त्याला आतून वाटत होतं, आणि तसं वाटतंय हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

शंभर.

कार्ड चांगलं होतं.

म्हणजे चार दिवस तो ज्या गोष्टीवर छातीठोकपणे बोलत होता, ती खोटी होती. आणि नवीन कार्ड घालून त्यानं चारही डिस्क नव्यानं बांधल्या असत्या तर… त्यानं कपाटाकडं पाहिलं. बांधून झाल्यावरही मशीन पडलंच असतं. आणि अकराशे पुस्तकांचं काय झालं असतं, ते त्याला सांगता येत नव्हतं. ‘बहुतेक’ हा शब्द तो किती सहज म्हणाला होता!

त्यानं वहीत लिहिलं, कार्ड. चाललं. अक्षर थोडं वाकडं आलं.

“आता प्रोसेसर,” तो म्हणाला.

दुसरा प्रोसेसर घातला, त्याच्याजवळच्या जागेत एक पट्टी घातली. कळ दाबली.

एकोणीस टक्क्यांवर निळा पडदा.

पुन्हा केलं, काहीही न बदलता. बेचाळीसवर काळा.

पुन्हा. आठवर आपोआप बंद.

“दर वेळी वेगळ्या ठिकाणी,” चिदानंद पुटपुटला. “सिस्टीमचा दोष असता तर बहुधा एकाच ठिकाणी पडलं असतं. हे वस्तूतच काहीतरी आहे.”

मास्तरांनी पेन्सिल त्याच्याकडं सरकवली. त्यानं ते लिहिलं.

“पट्टी बदलून बघतो.” बदलली. पडलं.

“म्हणजे प्रोसेसर मेला,” तो म्हणाला. आणि लगेच थांबला. मास्तरांकडं पाहिलं. मास्तर भिंतीकडं बघत होते.

“का मेला?” चिदानंदनं स्वतःलाच विचारलं. “हा त्या जागेत बसला की मशीन पडतं. माणूस वाईट, की जागा?”

त्यानं दोन्ही प्रोसेसर काढले. ज्याच्यावर संशय होता तो पहिल्याच्या जागी बसवला. दुसरी जागा रिकामी ठेवली.

अडतीस मिनिटं दोघंही पडद्यासमोर बसून राहिले. प्रभावतीताई एकदा चहा ठेवून गेल्या. तो तसाच गार झाला.

शंभर.

प्रोसेसर धडधाकट होता.

मास्तरांनी खिशातून भिंग काढलं आणि टेबलावर ठेवलं. दिलं नाही, नुसतं ठेवलं.

चिदानंदनं टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि दुसऱ्या प्रोसेसरच्या रिकाम्या जागेत भिंगातून पाहिलं. केसासारख्या बारीक सोनेरी टाचण्या, ओळींवर ओळी. शेकडो. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या, वाऱ्यानं झुकलेल्या पिकासारख्या.

एका कोपऱ्यातल्या दोन मात्र उलट्या वळल्या होत्या. एक दुसरीला टेकलेली.

त्यानं भिंग खाली ठेवलं.

दुसरा प्रोसेसर या मशीनमध्ये मुळात नव्हताच. एका बंद पडलेल्या कार्यालयातल्या भंगारातून तो त्यानंच मिळवला होता, आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच इथं बसवला होता. मशीन दुप्पट पळेल ताई, बघाच. तेव्हा त्याचा फोन वाजला होता. फोन कान आणि खांद्यामध्ये धरून तो बसवत होता. प्रोसेसर बोटांतून निसटला, अर्ध्या बोटाच्या उंचीवरून खाली टेकला. त्यानं तो सरळ केला, खटका दाबला. मशीन चालू झालं. तो ते विसरूनही गेला.

मशीन मधूनमधून अडकायला लागलं, ते त्यानंतर.

दारात पावलं वाजली. प्रभावतीताई आत आल्या.

“दोघंही गप्प आहात,” त्या म्हणाल्या. “काही निघालं का?”

जुनं मशीन आहे ताई, असं म्हणता आलं असतं. कारखान्यानं वापरून टाकून दिलेलं, असं होतंच. यात खोटंही फार नव्हतं. त्यानं मास्तरांकडं पाहिलं.

मास्तर सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसत होते. काच एव्हाना स्वच्छ झाली होती, तरी पुसत होते.

“निघालं, ताई,” चिदानंद म्हणाला. “दुसरा प्रोसेसर बसवताना माझ्या हातून तो पडला होता. आतल्या दोन टाचण्या वाकल्या. मी बघितलं नाही. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. तो मी केला.”

प्रभावतीताई उभ्याच राहिल्या.

“आणि दुसरी प्रत ठेवू का, असं तुम्ही विचारलं होतं,” तो पुढं म्हणाला. “गरज नाही, असं मीच सांगितलं. चार डिस्क म्हणजे चार प्रती नव्हेत. मशीननंच चुकीचं लिहिलं असतं, तर चौघींवर चुकीचंच लिहिलं गेलं असतं.”

बाहेर अंगणात मुलींचा गलका चालू होता.

“माझी पुस्तकं आहेत का?” प्रभावतीताईंनी विचारलं.

“माहीत नाही. आता बघायचं.”

“मग बघा.”

त्यांनी कपाट उघडलं. डिस्क एकेक करून, चिठ्ठीवर बोट फिरवून, त्याच्या हातात दिल्या. एक. दोन. तीन. चार. त्यानं त्या त्याच क्रमानं बसवल्या. एकच प्रोसेसर. त्याच्या पट्ट्या. कार्ड. नवी सिस्टीम वेगळ्या डिस्कवर बसलेली, या चौघींना न शिवता.

कळ दाबण्याआधी त्यानं स्वतःहून वहीत डावीकडची ओळ लिहिली. उजवीकडं जागा सोडली.

मग कळ दाबली.

कार्डानं चारही डिस्क मोजल्या. एक क्षण पडद्यावर काहीच हललं नाही. मग जुनी जुळणी जशीच्या तशी वर आली. चौघी जाग्या. त्यानं पुस्तकांची यादी उघडली. ती खाली सरकतच राहिली, सरकतच राहिली.

“कुठलं लावू ताई?”

“कुठलंही नको. शेवटचं लावा. पंधरवड्यात रेकॉर्ड केलं ते. वाईट झालं असेल तर तेच झालं असेल.”

मास्तरांनी मान वळवून प्रभावतीताईंकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

चिदानंदनं शेवटचं लावलं. बारावीचा इतिहास, नववा धडा, एका बाईंचा स्वच्छ, सावकाश आवाज. मधे एका ठिकाणी आवाज खरखरला, अर्धं वाक्य तुटलं, आणि पुढं पुन्हा नीट सुरू झाला.

“हे इथं मोडलंय,” प्रभावतीताई म्हणाल्या. “तुम्ही लिहून ठेवा. अशी आणखी असतील. पंधरा दिवसांतली सगळी मी ऐकते. मोडलेली बाईंकडून पुन्हा वाचून घेऊ.”

“मी पण बसतो ऐकायला,” चिदानंद म्हणाला.

“बसा. पण आधी प्रत. एक नाही, दोन. एक या कपाटात आणि एक माझ्या घरी.”

“दोन,” तो म्हणाला.

त्यानं पिशवीतून बाहेरची मोठी डिस्क काढली, जोडली, आणि प्रत उतरवायला लावली. पडद्यावर वेळ आला, एकतीस तास. त्याला आता एकतीस तास लांब वाटले नाहीत. त्यानं ताईंना दारावर मुलींसाठी ब्रेलमध्ये निरोप लावायला सांगितलं, की परवापासून ग्रंथालय उघडं.

दुपारी तो मास्तरांना फाटकापर्यंत सोडायला गेला. रिक्षा येईपर्यंत दोघं कडुलिंबाखाली उभे राहिले.

“मास्तर, एक विचारू?”

“हं.”

“दोन्ही प्रोसेसर ठीक निघाल्यावर तुम्ही लगेच भिंग काढलंत. त्याआधी सगळं बाहेर काढायलाही तुम्हीच सांगितलंत. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना, त्या जागेत काय आहे ते?”

रिक्षा येऊन थांबली. मास्तर आत बसले. चपला सारख्या केल्या.

“तुला कार्डाचं माहीत होतं,” ते म्हणाले. “मलाही तसंच माहीत असतं, तर सापडलं नसतं.”